छोट्या, घरच्या वाइनरी: कोणती वाइन, कुठल्या गावची, कशाबरोबर?

मृगनक्षत्र

मंडळी, वाइनवर इथे आधी जे धागे निघाले त्यांत सगळी चर्चा दोन-तीन मोठ्या ब्रँडभोवतीच फिरली. त्या वाइनना मी नावं ठेवत नाही. आपल्याकडे चार माणसांच्या हातात वाइनचा ग्लास आला तो त्यांच्यामुळेच. पण मला माहिती हवी आहे ती वेगळ्या लोकांची. स्वतःची बाग आहे, घरातलीच दोन-चार माणसं मिळून वाइन करतात आणि ज्यांची बाटली दुकानात समोरच्या फळीवर कधी दिसत नाही, असे लोक.

दिवाळीनंतर भावाकडे जर्मनीला जायचं आहे आणि फेब्रुवारीत नाशिकला. म्हणून दोन्हीकडचं विचारते. इतर देशांतल्या मंडळींनीही आपापल्या भागातलं लिहा.

माझं मत आधीच सांगून टाकते. द्राक्ष कोणी पिकवलं आणि वाइन कोणी केली, या दोन प्रश्नांना एकच उत्तर असेल तर ती वाइन त्या गावची वाटते. पटत नसेल तर जरूर भांडा, पण भांडताना एक तरी नाव आणि गाव सांगून जा. चव कशी आणि आपल्या कुठल्या जेवणाबरोबर जाईल तेही लिहा. नुसतं ‘छान आहे’ नको.

खवय्या_कोथरूड

वाचनखूण साठवली आहे. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

निफाडकर

ताई, चांगला विषय काढला. आमची द्राक्षाची बाग तीन पिढ्यांची, म्हणून बागेकडून सुरुवात करतो.

युरोपात थंडीत वेल झोपते. आमच्याकडे ती झोपतच नाही, तिला छाटणीने वळण लावावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी घेऊन फळ धरायचं. छाटण्या दोन, पीक एक. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. त्या दिवसांत नाशिककडे रात्री गार असतात, म्हणून आंबटपणा टिकतो. तो टिकला नाही तर वाइन नुसती सरबत. गोडी छाटणीनंतर अवकाळी आला की डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग बोकांडी बसतात, आणि वर्षाचा सगळा हिशेब त्या आठवड्यात ठरतो.

आता नावं. आमच्याच तालुक्यात कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची रेव्हेलो आहे. यांनी ग्रिलो आणि नेरो दाव्होला ही सिसिलीची द्राक्षं इथे लावली. सिसिलीतलं ऊन पाहिलेली जात आहे, निफाडच्या उन्हाला ती घाबरत नाही. ग्रिलो पांढरी, लिंबाच्या सालीसारखा वास आणि शेवटी जरा खारट. नेरो लाल, पिकल्या जांभळाकडे झुकणारी, मटणाबरोबर घ्या.

दुसरी इगतपुरी तालुक्यात, मुकणे धरणाजवळ, वालोने. लहान वाइनरी आहे, राहायची सोयही आहे. त्यांची द्राक्षं थोडी सुकवून केलेली गोड शेनिन (शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची वाइन) आहे, ती जेवणानंतर थंड करून घोट घोट घ्यावी. फेब्रुवारीत याल तर तोडणी चालू असेल. फक्त आधी फोन करून या. तोडणीच्या दिवसांत माणूस कामात असतो, तुमच्याशी बोलायला त्याला वेळ काढावा लागतो.

कोकणकडा

नाव आणि गाव सांगतोच, पण आधी भांडतो.

‘कुटुंबाने चालवलेली’ हा दर्जाचा शिक्का नाही. घरच्या वाइनरीत अस्वच्छ पिंपं, व्हिनेगरकडे गेलेला वास, गंधकाचा अंदाज चुकलेला, हे सगळं मी चाखलं आहे. लहान माणसाकडे प्रयोगशाळा नसते, खराब वर्षाचा माल फेकून देण्याची ऐपत नसते. मोठ्या कंपनीचा तळाचा दर्जा पक्का असतो. शिवाय कुटुंब हे कायमचं लेबल नाही. गंगापूर धरणाकाठची यॉर्क बघा. तिचं नावच मुळी घरातल्या योगिता, रवी आणि कैलास यांच्या आद्याक्षरांवरून पडलं, आणि २०२१ मध्ये ती सुलाने घेतली. सुलाची सुरुवातही सामंतांच्या घरच्या जमिनीवरच झाली होती. मग लहान कुठे संपतं आणि मोठं कुठे सुरू होतं?

नाव विचारलंत म्हणून: हंपीजवळची कृष्मा. एका मॅरेथॉन धावणाऱ्या जोडप्याची बाग आहे. त्यांची कॅबरने सोव्हिन्यों ही लाल वाइन चवीला भरदार, पण ओठ सुकवणारी नाही. कर्नाटकातली असल्यामुळे आपल्याकडे कर भरून येते, म्हणून महाग पडते आणि सगळीकडे मिळतही नाही.

मोझेलवासी

@मृगनक्षत्र, मी ट्रीअरजवळ राहतो, त्यामुळे जर्मनीचा भाग माझ्याकडे लागला.

मोझेल नदी इथे इतकी वळणं घेते की एकाच गावाला दोन दिशांचे उतार मिळतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर पाटीच्या दगडाचा थर आहे. तो दिवसा तापतो आणि रात्री ऊब सोडतो. त्या जोरावर इतक्या उत्तरेला रीसलिंग हे पांढरं द्राक्ष पिकतं. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी ६५ अंशांचा आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावरच्या छोट्या गाडीतून माल वर-खाली नेतात आणि बाकी सगळं हाताने. म्हणूनच इथे लहान कुटुंबं टिकून आहेत. यंत्राने होणारं काम असतं तर कधीच मोठ्या कंपनीने उचललं असतं.

काही ठिकाणी जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर आहेत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपातल्या बागा संपवल्या आणि सगळ्यांना अमेरिकन खुंटावर कलमं करावी लागली. पाटीच्या दगडात त्या किडीचं फारसं चाललं नाही.

आता नावं. पहिलं, ग्राख गावचं विली शेफर. चारेक हेक्टरची बाग, बस्स. त्यांची काबिनेट, म्हणजे रीसलिंगचा हलका प्रकार, घ्या. मद्यार्क ८-९ टक्केच, किंचित गोड आणि त्या गोडाला कापणारा धारदार आंबटपणा. दुसरं, प्युंडरिशचं क्लेमेन्स बुश. त्यांच्या मारियनबुर्ग या उतारावर करडी, निळी आणि लाल अशी तीन रंगांची पाटी आहे, आणि ते प्रत्येक रंगाची वाइन वेगळी भरतात. कोरडी असते. तीन ग्लास शेजारी शेजारी ठेवून प्यायलात तर जमिनीचा फरक म्हणजे काय ते कळतं. वेलनचं योहान योसेफ प्र्युम हे मोठं नाव आहे, पण अजून घरातलंच. त्यांची वाइन तरुणपणी गप्प असते, पाच-दहा वर्षं ठेवायची तयारी असेल तरच घ्या.

लेबलवर ‘गुट्सआब्फ्युलुंग’ लिहिलेलं असेल तर द्राक्ष, वाइन आणि बाटली तिन्ही त्याच बागेचं. ‘एर्त्सॉयगरआब्फ्युलुंग’ असेल तर ती सहकारी संस्थेचीही असू शकते. कोरडी हवी असेल तर ‘ट्रोकन’ हा शब्द शोधा.

आणि कोल्हापुरी मटणाचा प्रश्न कोणी विचारण्याआधीच उत्तर देतो. किंचित गोड रीसलिंग, चांगली गार. तिखटावर लाल वाइनचा तुरटपणा (टॅनिन) आणि जास्त मद्यार्क दोन्ही आग वाढवतात. कमी मद्यार्क आणि थोडी साखर ती आग उतरवतात.

खवय्या_कोथरूड

वरचा शेवटचा परिच्छेद फ्रेम करून स्वयंपाकघरात लावावा असा आहे. तिखटाबरोबर जड रेड उघडणाऱ्या सगळ्या मित्रांना पाठवला.

माझ्याकडून भर: कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, अळूवडी या मंडळींबरोबर नाशिकची कोरडी शेनिन ब्लां. तळलेल्या सुरमईबरोबर सोव्हिन्यों ब्लां. मिसळीबरोबर ताक. मिसळीपुढे कुठल्याच वाइनचं काही चालत नाही.

रोनकाठ

@खवय्या_कोथरूड, मिसळीबरोबर गार केलेलं गामे, म्हणजे बोजोलेच्या लाल द्राक्षाची हलकी वाइन, घेऊन बघा, मग बोलू.

मी लिऑनला आहे. इथून उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासात बोजोले सुरू होतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जी ‘नुव्हो’ येते तेवढ्यावर लोक या भागाला निकालात काढतात आणि तो फार मोठा अन्याय आहे. इथे दहा गावांची नावं लेबलवर स्वतंत्र येतात: मॉर्गों, फ्लरी, मुलां-आ-व्हां वगैरे. मॉर्गोंमधले लापिएर घ्या. मार्सेल लापिएर २०१० मध्ये गेले, आता मुलं बाग बघतात. लाल वाइन असूनही हलकी, चेरीसारखी, आणि थोडी गार करून प्यायची. पांढऱ्या रश्श्याबरोबर मला फार आवडते.

@निफाडकर, तुमच्याकडे जी शेनिन ब्लां लावतात तिचं मूळ घर म्हणजे लुआर नदीचं खोरं. वुव्ह्रे गावच्या शांपालू कुटुंबाची वाइन मिळाली तर घ्या. तिथे एकाच द्राक्षाची कोरडी, मध्यम गोड आणि खूप गोड, वर फेसाळ अशा सगळ्या वाइन होतात. नाशिकची शेनिन तरुणपणी फळांनी भरलेली असते. वुव्ह्रेची मात्र वर्षानुवर्षं टिकते आणि मधाच्या वासाकडे जाते. फरक थंडीचा, चुनखडीचा आणि द्राक्ष किती सावकाश पिकतं त्याचा.

आल्बाचा_मुक्काम

@कोकणकडा यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण उत्तर वेगळ्या दिशेला आहे. मी इटलीतल्या पिएमोन्तमध्ये काही वर्षं नोकरीला होतो.

बार्बारेस्को गावात १९५८ मध्ये तिथल्या पाद्रीने एकोणीस लहान शेतकऱ्यांना एकत्र आणून सहकारी वाइनरी काढली: प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को. पहिल्या काही वर्षांची वाइन चर्चच्या तळघरात तयार झाली. आज पन्नासेक कुटुंबं सभासद आहेत. चांगल्या वर्षी ते नऊ वेगवेगळ्या उतारांची वाइन स्वतंत्र बाटल्यांत भरतात. दर्जा असा की जगभरचे जाणकार तिचं नाव घेतात आणि किंमत शेजारच्या नामांकित बागांपेक्षा कितीतरी कमी. प्रत्येक सभासदाची बाग लहान, पण प्रयोगशाळा, पिंपं, तळघर आणि विक्री सगळ्यांची एकत्र. लहान माणसाची जी अडचण तुम्ही मांडलीत ती तिथे अशी सुटली.

त्याच भागातली घरची नावंही देतो. वेर्दूनो गावचे बुर्लोत्तो बारोलो करतातच, पण त्यांचं ‘पेलाव्हेर्गा’ नावाचं स्थानिक द्राक्ष बघा. फिकट लाल, काळ्या मिरीचा वास, आपल्या मसाल्यांशी छान जमतं. बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो आणि जुझेप्पे रिनाल्दी, दोन्ही घरांत आता मुली वाइन करतात. या दोन्ही बाटल्या महाग आणि दुर्मीळ. बारोलोला कायद्याने किमान ३८ महिने मुरवावी लागते, बार्बारेस्कोला २६. एवढं थांबायचं नसेल आणि खिसाही सांभाळायचा असेल तर त्याच कुटुंबांची, त्याच नेब्बिओलो द्राक्षाची ‘लांगे नेब्बिओलो’ घ्या.

कोकणकडा

@आल्बाचा_मुक्काम, हे पटलं. मग माझा प्रश्न असा: साखरेला सहकार, दुधाला सहकार, आणि वाइनला का नाही? प्रवरानगरला १९५० च्या आसपास शेतकऱ्यांनी आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. द्राक्ष निर्यातीसाठी १९९१ मध्ये महाग्रेप्स झाली. मग नाशिकच्या पन्नास लहान बागायतदारांची एक वाइनरी का नाही?

निफाडकर

कारण सांगतो, आमच्या शिवारातलंच.

राज्याचं वाइन धोरण २००१ चं. विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले. बरेच शेतकरी उत्साहाने शिराझ, कॅबरने लावून बसले. मग २००८ ला जगभर मंदी आली आणि मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप बसला. आमचा ज्या कंपनीशी करार होता तिने माल उचलला नाही आणि आधीच्या मालाचे पैसेही अडकले. टेबलचं द्राक्ष असतं तर बाजार समितीत नेऊन विकलं असतं, निदान बेदाणा केला असता. वाइनच्या द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईकच नाही. बारीक मणी, जाड साल, आत बिया. खायला कोण घेणार? आमच्या भागात कित्येकांनी त्या बागा उपटून थॉमसन ही खायची द्राक्षं लावली, आम्हीही.

सहकार उभा करायचा तर चार वर्षं वाट बघायची ताकद लागते. वेल लावल्यापासून पहिली बरी तोडणी यायला तीन वर्षं, पुढे वाइन मुरायला वेळ. उसाचं बिल हंगामात येतं. वाइनचा पैसा तळघरात पडून राहतो आणि बँक मात्र हप्ता दर महिन्याला मागते. तरी मी म्हणतो, होऊ शकतं. मोहाडीला सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांची कंपनी करून टेबलच्या द्राक्षात काय केलं ते आम्ही रोज बघतो. वाइनमध्ये कोणी पुढाकार घेतला तर मी पुन्हा शिराझ लावीन.

वारीचा_वाटसरू

माझं मत इथे वेगळं पडेल, तरी मांडतो. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा मी विरोधाच्या सभेत होतो, आणि आजही माझं मत तेच आहे. शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून जे सांगितलं जातं त्याची किंमत गावातल्या बायका आणि मुलं मोजतात, हे मी जवळून पाहिलं आहे. निफाडकरांचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण त्यांची बाग उभी राहावी यासाठी किराणाच्या दुकानात बाटली असावी, हे मला मान्य नाही.

निफाडकर

माउली, तुमच्या बोलण्याचा मान आहे. आमच्या घरातही माळकरी आहेत, वाइनला शिवत नाहीत आणि आम्ही त्यांना आग्रह करत नाही. सुपरमार्केटचा निर्णय मलाही फारसा कामाचा वाटला नव्हता. मोठ्या दुकानातली फळी मोठ्याच कंपनीला मिळते. लहान वाइनरीला उपयोग होतो तो पाहुणा बागेवर येतो त्याचा.

मृगनक्षत्र

वारीचा_वाटसरू, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, आभारी आहे. हा विषय मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. तुम्ही काढलात तर मी नक्की येईन.

अर्धी_डॉक्टर

इथे जॉर्जियाचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं! तिबिलिसीत मेडिकलला आहे. आमच्या कॉलेजात लातूर, नगर, जळगावची इतकी मुलं आहेत की मेसमध्ये मराठीच चालतं.

इथे वाइन हा घरचाच कारभार आहे. गावातल्या घरांना ‘मारानी’ असते, म्हणजे वाइनची खोली. तिच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठे रांजण, त्यांना क्वेव्री म्हणतात. द्राक्षं तुडवून रस, साल, बिया सगळं त्यातच घालतात, तोंड बंद करतात आणि काखेती भागात ते महिनोन् महिने तसंच ठेवतात. जमिनीचा गारवा आपोआप मिळतो. पांढरं द्राक्ष सालीबरोबर राहिल्याने वाइन केशरी-सोनेरी होते आणि तिला चहासारखा तुरटपणा येतो. २०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीला वारशाच्या यादीत घेतलं. इथे वाइन करण्याचे पुरावे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

नाव सांगते: म्त्सखेताजवळ चारदाखी गावातले इआगो बितारिश्विली. द्राक्ष ‘चिनुरी’. हलकी, नाशपतीच्या वासाची. लाल हवी असेल तर ‘सापेरावी’ कुठल्याही चांगल्या घरची घ्या. त्या द्राक्षाचा गरही लाल असतो, त्यामुळे रंग जवळजवळ शाईचा.

जेवणाचं सांगायचं तर केशरी वाइन आणि भरली वांगी. दाण्याचं कूट आणि तो तुरटपणा एकत्र इतके सुरेख लागतात! इथेही वांग्यात अक्रोडाचं वाटण भरतात, त्यावरूनच मला सुचलं.

हडसनकाठ

@अर्धी_डॉक्टर, तुमच्या जॉर्जियाचं एक द्राक्ष आमच्या न्यू यॉर्क राज्यात पोचलं आहे. इथे फिंगर लेक्स भागात क्यूका तळ्याकाठी डॉक्टर कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी १९६२ मध्ये वाइनरी काढली. ते युक्रेनहून निर्वासित म्हणून आले होते. इतक्या थंडीत युरोपियन द्राक्ष जगणारच नाही, असं तेव्हा इथले तज्ज्ञ म्हणत होते. त्यांनी थंडी सोसणाऱ्या खुंटावर कलमं करून ते जगवून दाखवलं. आता चौथी पिढी कामात आहे. त्यांचं रीसलिंग प्रसिद्ध आहे, पण तुम्ही र्काट्सिटेली घ्या. तेच जॉर्जियाचं द्राक्ष. पांढरी, कडक आंबट, फुलांचा वास. न्यू जर्सीच्या गणेशोत्सवानंतरच्या एका कोळंबीच्या जेवणात नेली होती, बाटली मिनिटांत संपली.

मांडवी

गोव्याहून हजेरी. पर्यटक येऊन इथली ‘पोर्ट वाइन’ घेऊन जातात, म्हणून खुलासा. आमच्याकडची ती गोड लाल वाइन घराघरांत पाहुण्यांना दिली जाते, नाताळच्या केकबरोबर येते आणि मला लहानपणापासून प्रिय आहे. पण ती पोर्तुगालची पोर्ट नव्हे. खरी पोर्ट दोरू नदीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगरांवरून येते. वाइन आंबत असतानाच तिच्यात द्राक्षाची ब्रँडी घालतात. त्याने आंबणं थांबतं, साखर उरते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो. तिथे ‘किंटा’ म्हणजे बागेसकट घर. लेबलवर किंटाचं नाव असेल तर ती बऱ्याचदा एकाच मळ्यातली असते. बेबिंका या आमच्या थरांच्या गोड पदार्थाबरोबर टॉनी (पिंपात मुरवलेली) पोर्ट थंड करून घ्या आणि मला कळवा.

बोर्डीकर

द्राक्षाशिवायची चालेल का? आमच्या बोर्डीला एका जोडप्याने सुरू केलेली हिल झिल चिकूची फेसाळ वाइन करते. घोलवडच्या चिकूला जीआय (भौगोलिक मानांकन) आहेच. आणि नाशिकला दोघींनी मिळून सेराना मीड्स काढली आहे, मधाची वाइन.

मृगनक्षत्र

@बोर्डीकर, धावेल! शेतकऱ्याच्या मालातून घरच्या माणसांनी केलेलं सगळं या धाग्यात बसतं.

रोनकाठ

एक राहिलंच. शॅम्पेन घेताना लेबलच्या तळाशी अगदी बारीक दोन अक्षरं असतात. ‘आर. एम.’ म्हणजे स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतःच वाइन करणारा. ‘एन. एम.’ म्हणजे द्राक्षं विकत घेऊ शकणारं मोठं घर. ‘सी. एम.’ म्हणजे सहकारी. मेनील-स्युर-ओजे गावचे पिएर पेतर्स किंवा मेर्फीचे शार्तोन्य-ताये घेऊन बघा, दोन्ही घरची. मृगनक्षत्र यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथे कायद्यानेच बाटलीवर छापून येतं. नाशिकलाही असं काही व्हावं, असं मनापासून वाटतं. ‘नाशिक व्हॅली’ वाइनला जीआय आहे, पण बाग कोणाची हे लेबलवर कळत नाही.

निफाडकर

शंभर टक्के सहमत. लेबलवर गावाचं नाव आलं तर शेतकऱ्याला भाव मागता येईल. आज दिंडोरीची द्राक्षं, निफाडची द्राक्षं, सगळी एका टाकीत जातात.

कोकणकडा

माझा आक्षेप मी आता असा बदलून मांडतो: कुटुंब असणं पुरेसं नाही, पण बाग कोणाची हे उघड असणं आवश्यक आहे. कोणाची ते कळलं की चांगल्या-वाईटाचा जाब विचारता येतो.

आणि एक सूचना सगळ्यांसाठी. लहान वाइनरीची बाटली दुकानात घेताना ती कुठे ठेवली आहे ते बघा. आपल्या मे महिन्यात बिनएसीच्या दुकानात काचेजवळ उभी असलेली बाटली शिजलेली असते, मग ती कितीही चांगल्या घरची असो. लेबलवरचं वर्ष बघा. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. घरी आणल्यावर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. शक्य असेल तर सरळ वाइनरीतून घ्या.

मृगनक्षत्र

किती दिलंत सगळ्यांनी! आता माझ्या प्रवासाकडे येते. @मोझेलवासी, आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर पोचतोय. बागा बघता येतील का? आणि परत येताना किती बाटल्या आणता येतात?

मोझेलवासी

नोव्हेंबरच्या मध्याला बहुतेक तोडणी संपलेली असते, पण माणसं तळघरात असतात, नवी वाइन आंबत असते. मला तो काळ जास्त आवडतो. वास सगळ्या गल्लीत पसरलेला असतो. एखाद्या घराने थोडे घड आइसवाइनसाठी वेलीवरच ठेवलेले दिसतील. त्यासाठी उणे ७ अंश तरी तापमान लागतं, आणि मिळालं की रात्रीच तोडतात.

इथे बागवाले स्वतःच्या घरात किंवा अंगणात छोटी खानावळही चालवतात, ‘ष्ट्राउसविर्टशाफ्ट’. वर्षाला चार महिनेच, जास्तीत जास्त चाळीस खुर्च्या, वाइन फक्त स्वतःची आणि बरोबर साधं खाणं. दारावर झाडू किंवा डहाळी टांगलेली असली की उघडं आहे. नोव्हेंबरात बऱ्याच बंद असतात, त्यामुळे भावाला आधी इमेल करायला सांगा. विली शेफरसारख्या छोट्या घरांकडे आगंतुक जाऊ नका, वेळ ठरवूनच जा. आणि तिथे चव घेतलीत तर एखादी तरी बाटली विकत घ्या, ती इथली रीत आहे.

हडसनकाठ

भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर ३७५ ची एक अर्धी. मोझेलची गोड आउसलेझं (निवडक, पूर्ण पिकलेल्या घडांची वाइन) अर्ध्या बाटलीत मिळतात, ती जागा त्यांना द्या. कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत, मधोमध.

मृगनक्षत्र

ठरलं मग. आम्ही दोघं, म्हणजे चार पूर्ण आणि दोन अर्ध्या. क्लेमेन्स बुशच्या तीन रंगांच्या तीन, शेफरची एक काबिनेट, आणि अर्ध्या बाटल्या तिथे चव घेऊन ठरवू. फेब्रुवारीत कुंदेवाडी आणि मुकणेला जाऊ तेव्हा त्यातली काबिनेट बरोबर नेईन. @निफाडकर, तुम्ही त्या भागात असाल तर शेनिन तुमच्याकडची, रीसलिंग माझ्याकडचं.

निफाडकर

या ताई. पण तोडणीचे दिवस आहेत, संध्याकाळी सातनंतर या. कोंबडीचा रस्सा आमच्याकडे असेल.

खवय्या_कोथरूड

@रोनकाठ, परवा गामे मिळालं नाही म्हणून नाशिकचीच एक हलकी लाल वाइन गार करून मिसळीबरोबर घेतली. तर्री कमी घातली होती. जमतं. पण ताक ते ताकच.